परब मॅडमकडे निसटलेली वाक्यं

आमच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. माणूस बोलायला येतो एक, बोलून जातो भलतंच, आणि ते भलतंच आमच्याकडे राहतं. परब मॅडम आणि मी मालवणात समुपदेशन केंद्र चालवतो. मॅडम तोंडवलीच्या. पुण्यात मानसशास्त्र शिकल्या, तिथे चांगलं नाव झालं असताना सगळं आवरून गावाकडे आल्या. माणसाचं अर्धंअधिक मन त्याच्या स्वतःपासूनच लपलेलं असतं, असं त्या मानतात. मी ओरोसहून एसटीने येते आणि त्यांच्या हाताखाली शिकते. पुढचं सगळं त्या त्या माणसांना विचारून, ओळख बदलून सांगतेय.

पहिल्या वर्षी केंद्रात चिटपाखरू फिरकत नव्हतं. लोक समोरच्या दातांच्या दवाखान्यात बसून आमच्या पाटीकडे बघायचे आणि निघून जायचे. शेवटी एक बागायतदार आला. दारातच म्हणाला, "माझ्यासाठी नाय हां. माझ्या मित्रासाठी इलंय."

मित्राला घराबाहेर पडलं की छातीत धडधडतं, म्हणाला. मॅडमनी शांतपणे मित्राची चौकशी केली. मित्राचं लहानपण, मित्राचे वडील, मित्राची झोप. तो दर आठवड्याला यायचा आणि मित्राबद्दल बोलायचा. मित्राच्या वडिलांचा विषय निघाला, तेव्हा मित्रासाठी रडलाही.

मी मॅडमना विचारलं, त्याला एकदा स्पष्ट का नाही सांगत? त्या म्हणाल्या, त्याला आडोसा लागतोय, तो आपण कशाला काढून घ्यायचा?

मे महिन्यात तो हापूसची पेटी घेऊन आला. खूश होता. म्हणाला, "माझ्या मित्रान दिल्यान. त्याका आता बरा वाटता."

*

दुसरा किस्सा खुद्द मॅडमचा. ओरोसला एका सरकारी कार्यालयात कर्मचाऱ्यांसाठी त्यांचं व्याख्यान होतं, विषय 'अबोध मन'. साहेबांचं प्रास्ताविक इतकं लांबलं की मागच्या रांगेतले दोघे डुलक्या घेऊ लागले. मॅडम माइकसमोर गेल्या आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "इथे जमलेल्या सर्वांना मी मनापासून निरोप देते."

दुसरी कोणी असती तर सॉरी म्हणून पुढे गेली असती. मॅडम हसल्या.

"झालं, विषय सुरू झाला," म्हणाल्या. "स्वागत म्हणायचं होतं. पण आत कोणीतरी बसलंय, त्याला घरी जायचंय. त्याने माझ्याआधी बोलून घेतलं."

त्यानंतर कोणी डुलकी घेतली नाही. व्याख्यान संपल्यावर साहेबच बाजूला येऊन हळूच विचारू लागले, की बायकोला आपण सारखी बहिणीच्या नावाने हाक मारतो, त्याचं काय?

*

तारकर्लीच्या एक काकी पर्यटकांना खोल्या देतात. त्यांना घेऊन त्यांचे यजमान आले. हिला विसरायला होतं, किल्ल्या हरवते, डोक्याचा फोटो काढायला हवा का, असं विचारत होते. मॅडमनी काकींना विचारलं, कुठल्या किल्ल्या हरवतात? तर सगळ्या नाहीत. माडाकडच्या खोलीचीच. गिऱ्हाईक दारात उभं राहायचं आणि नेमकी तीच किल्ली सापडायची नाही.

"त्या खोलीत आधी कोण राहायचं?"

"कोण नाय," काकी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "झिलाची ती खोली. तो बोटीवर नोकरीक गेलो." आणि मुलाच्या आठवणीने त्यांना एकदम हुंदका आला. खोली भाड्याने द्यायची कल्पना यजमानांचीच होती, आणि काकी तेव्हा हो म्हणाल्या होत्या.

ती खोली आता भाड्याने देत नाहीत. काकींची एकही किल्ली हरवत नाही.

*

एक निवृत्त हेडमास्तर झोप येत नाही म्हणून यायचे आणि सबंध तासभर मॅडमवर रागवायचे. तुम्ही उशिरा आलात, तुम्ही नीट ऐकत नाही, तुम्हाला मोठ्यांची किंमत नाही. मॅडम वेळेवर आलेल्या असायच्या. माझं डोकं तापायचं, त्या मात्र ऐकून घ्यायच्या. एकदा ते तावातावाने म्हणाले, "तुला किती वेळा सांगितलं, शुभा!"

मॅडमनी विचारलं, शुभा कोण?

मास्तर खुर्चीत मागे टेकले आणि सांगू लागले. शुभा त्यांची मुलगी. तिने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून त्यांनी तिचं नाव घ्यायचं सोडलं होतं. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. येता येणार नाही, कोल्हापूरला मुलीकडे आहे, म्हणाले. मॅडमनी फोन ठेवला आणि मला चहा सांगायला लावला. अशा वेळी वाटतं, आपण कोणाच्या हाताखाली शिकतोय हे जगाला ओरडून सांगावं.

*

आणि हा दशावतारातला नट. राणीची कामं करायचा. त्याचा आवाज गेला होता, नुसती कुजबुज निघायची. घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, घसा उत्तम आहे. नाटकं बंद, घर हवालदिल.

त्याचे वडीलही नट. म्हातारपणी त्यांचा आवाज फाटू लागला, तेव्हा यानेच त्यांना सांगितलं होतं, "बाबानू, तुमचो आवाज गेलो. आता थांबा." वडील थांबले. वर्षभरात वारले. हा रडला नाही. महिन्याभराने याचा आवाज गेला.

हे सगळं कुजबुजत सांगायला त्याला कितीतरी खेपा लागल्या. मग एके सकाळी मॅडमनी समोर एक रिकामी खुर्ची ठेवली. म्हणाल्या, "बाबा हंय बसले आसत. तुमका बोलूक येणा नाय, तर राणीक बोलांदे."

त्याने खांद्यावरचा पंचा पदरासारखा डोक्यावरून घेतला, बसल्या बसल्या मान कलती केली, आणि खोली भरून आवाज आला. "महाराज, आपण रंगभूमी सोडलीत ती या दासीच्या एका शब्दापायी. तो शब्द मी परत घेते."

खालच्या दुकानातली माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. त्याने पंचा डोक्यावरून खाली घेतला, खुर्चीकडे एकदा बघितलं, आणि मग मॅडमकडे वळून स्वतःच्या मोकळ्या, खणखणीत आवाजात म्हणाला,

"बाबा म्हणतत, पदर घेवक तुका अजून जमणा नाय."