साहेबाचा कान

कंग्राळीच्या रवळूला गावात ‘साहेबाचा कान’ म्हणत. बेळगावच्या कॅम्पात एका गोऱ्या कप्तानाच्या बंगल्यावर तो नोकर होता आणि कामापुरतं इंग्रजी बोलायचा. कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं की कप्तान पाइप खाली ठेवून म्हणे, ‘आय ॲम ऑल इअर्स.’ मी सगळा कान झालोय. त्यानंच एकदा रवळूला समजावलं होतं, की तेव्हा माणसाचे हात, पाय, डोळे सगळे सुटीवर जातात आणि मागं राहतो तो नुसता कान. विलायतेतल्या तीनशे वर्षांपूर्वीच्या कवितेतही हे सापडतं. रवळूनं ते शब्द गावात मिरवले. पारावर कुणी तोंड उघडलं की छाती काढून म्हणायचा, “बोल, आय ॲम ऑल इअर्स!”

“कान हाईत, पर आत काय जातंय का बघा,” माणसं हसायची.

१९२९ सालच्या मार्गशीर्षात एका सकाळी गावातली मालुबाई बंगल्याच्या मागल्या दाराशी आली. नवऱ्यामागं तिचं घर एका म्हशीच्या दुधावर चालायचं.

“रवळू, म्हस रातच्याला चांदमारीच्या मैदानात शिरलीया रं. मला घावंस्तवर गोळ्या थांबीव म्हणावं साहेबाला.”

रवळू कप्तानाच्या बुटांना पॉलिश करत होता. टाचेजवळचा एक डाग निघता निघत नव्हता.

“हुं,” तो म्हणाला.

गावात हुंकार म्हणजे दिलेला शब्द. मालुबाई निर्धास्त होऊन ओढ्याच्या अंगानं म्हैस शोधायला गेली. थोड्या वेळानं मैदानावर नेमबाजी सुरू झाल्याचं लाल निशाण चढलं. दुपारी म्हैस सापडली ती गोळी लागून मेलेली.

दुसऱ्या दिवशी ती भरपाई मागायला कप्तानासमोर उभी राहिली. मध्ये दुभाष्या रवळूच. कप्तानानं पाइप ठेवला, नेहमीचं वाक्य म्हटलं आणि विचारलं, “म्हैस आत आहे हे आधी का कळवलं नाही?”

“ह्यो हाय की. ह्येलाच सांगितलं, ह्यो हुं म्हणाला,” मालुबाई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिच्या लेखी रवळूनं निरोप दिला होता, साहेबच आता नाकारत होता.

रवळूच्या डोळ्यांपुढं नोकरी उभी राहिली. “ती म्हणते, कुणालाच सांगितलं नव्हतं,” तो इंग्रजीत म्हणाला.

कप्तानानं मान हलवली. मग भरपाई कसली?

फाटकाबाहेर मालुबाईनं पदराची गाठ सोडली आणि मूठभर शेंगा रवळूच्या हातावर ठेवल्या. “असू दे. तू तरी माझ्यासाठनं बोललास, बाबा.”

शेंगा मुठीत धरून तो रस्त्याच्या वळणापर्यंत तिच्याबरोबर चालला. पुढं पाय उचलेना.

“आक्का, मी सांगितलंच न्हाय. काल बी न्हाय, आज बी न्हाय.”

मालुबाईला समजायला वेळ लागला. “काल ऐकलं न्हाईस. आज ऐकलंस, तर गिळलंस. मग ह्ये कान काय डूल घालायला ठेवल्यास व्हय रं?”

मालुबाई फाटकाकडं वळली.

“चल माघारी.”

“नोकरी जाईल, आक्का.”

“माझी म्हस गेलीया.”

दोघं परत व्हरांड्यात आले. कप्तानानं कपाळाला आठी घातली, तरी पाइप खाली ठेवला आणि तेच वाक्य म्हटलं. रवळूनं मान वर न करता ते आधी मालुबाईला सांगितलं, “साहेब म्हणतोय, जिवाचा कान करून ऐकतो.”

मग तो मोडक्या इंग्रजीत बोलू लागला. चूक कुणाची हे सांगताना सुरुवात स्वतःच्या नावापासून केली.