गँगचा डोळा फोनवर होता

आज सकाळी साडेदहाला माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेलं आणि माझं लग्न तिथेच मोडलं.

मित्रांनो, कॉलेज अर्धवट सोडून मी रेल्वे लायनीच्या ठेकेदाराकडे लागलोय, हे तुम्हाला माहीतच आहे. आज मिरजोळ्याला, माझं जिच्यावर प्रेम आहे तिच्या घरी मागणी घालायला गेलो होतो. तिचे बाबा रुळांची देखभाल करणारे जुने गँगमन, आता रिटायर.

"गँगमध्ये काय करतोस?" त्यांनी विचारलं.

"डोळा," मी छाती फुगवून बोललो. बाकीचे रुळावर वाकून काम करतात तेव्हा शिट्टी घेऊन गाडीवर नजर ठेवणारा जो असतो, त्याला जुनी माणसं डोळा म्हणतात.

बाबा खूश झाले. "अरे वा, आमचाच शब्द!"

तिथेच थांबायचं ना! पण मला प्रेम दाखवायची खाज. "तुमच्या मुलीचा फोन मी ड्युटीवर पण उचलतो. एकदाही चुकवला नाही."

"आणि तेवढा वेळ लायनीकडे कोण बघतो, मेल्या?"

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. त्यांच्या धाकट्या भावाचा हार घातलेला फोटो. "हा रुळावर वाकलेला. आमचा डोळा बिडी पेटवायला वळला. एवढंच."

एरवी मी भांडलो असतो. आज रागच आला नाही. तिच्याकडे बघितलं, तर तिने हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला.

मी उठलो, चपला घातल्या आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.