भिकनरावांचे गळके बूट

शनिवारी नवं पायताण घेऊ नये असं मानणारे लोक बरेच, म्हणून भिकनराव पगारे मुद्दाम शनिवारीच पायताण घ्यायला निघतात. त्यात अमावास्या आली तर सोन्याहून पिवळं. दुकानं रिकामी असतात आणि भांडायला ऐसपैस जागा मिळते.

फेब्रुवारीतल्या अशाच एका शनिवारी शालिमार भागातल्या एका बुटांच्या दुकानात ते असे कडाडले, की बाहेरच्या रसवाल्याने चरक थांबवून आत डोकावून पाहिलं. झालं एवढंच होतं, की रोहिणी नावाच्या विक्रेत्या मुलीने त्यांच्यापुढे एक बूट ठेवला होता. घोट्याच्या वर येणारा, जाड कापडाचा, बोटांवर रबरी टोपण असलेला. होड्या वल्हवणाऱ्यांसाठी दुकानाने मागवलेला माल. आणि त्या बुटाला तळव्याच्या जरा वर, दोन्ही बाजूंना, ओळीने भोकं.

"हे काय?" भिकनरावांनी विचारलं.

"पाणी जायला, काका."

"जायला! आणि यायला?"

"यायला पण तिथूनच."

भिकनरावांनी उजवा पाय जमिनीवर आपटला. "एकतीस वर्षं, पोरी! एकतीस वर्षं मी गळती बंद करत फिरलो. आणि तू मला गळका बूट देतेस? नवा कोरा गळका बूट?"

"गळका नाही काका, तो असाच..."

"कालव्याला एवढं भोक पडलं ना, तर आम्ही पंचनामा करायचो! पंचनामा!"

आणि ते तरातरा बाहेर पडले. इतके तरातरा, की माप बघायला दुकानाने दिलेला निळा मोजा एका पायात तसाच राहिला.

आता या माणसाला नदीत उभं राहायला बूट कशाला हवेत, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

भिकनराव जलसंपदा खात्यात कालवा निरीक्षक होते. निफाडकडच्या चाऱ्या, म्हणजे कालव्याचे छोटे फाटे, त्यांच्याकडे. कोणी चारी फोडली, कोणी आपली पाळी नसताना पाइप टाकून पाणी ओढलं, कोणाच्या चारीच्या दाराची फळी 'आपोआप' वर झाली, हे बघत काठाकाठाने हिंडायचं आणि ओरडायचं, ही नोकरी. ओरडताना उजवा पाय आपटायची सवय तिथलीच. शेतकरी त्यांना मागे 'ठोके साहेब' म्हणत. घरी हॉलमध्ये सोफ्यासमोरची एक फरशी आजही पोकळ वाजते. नवा पाहुणा दचकला, की त्यांच्या पत्नी लताबाई शांतपणे म्हणतात, "काही नाही, तिथे बसून हे बातम्या बघतात."

निवृत्तीच्या दिवशी बंगलोरच्या मुलीने, तेजलने, बापाला फ्लाय फिशिंगची काठी पाठवली. चार तुकड्यांत सुटी होणारी, लांब, वेतासारखी लवचीक. या प्रकारात गळाला गांडूळ लावत नाहीत. पीस आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवायची, वाहत्या पाण्यात उतरायचं, डोक्यावरून दोरी फिरवून ती माशी अलगद पाण्यावर ठेवायची आणि माशाला फसवायचं. निवृत्त माणसं घरी बसून माश्या मारतात, भिकनराव बनवू लागले. पिसं कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडची, दोरे लताबाईंच्या शिवणाच्या डब्यातले. दारणा नदीत जायचं, खडस मासा पकडायचा, त्याच्याकडे डोळे भरून बघायचं आणि सोडून द्यायचं. तरी विहारात पहिलं शील, जीवहत्या न करण्याचं, म्हणायची वेळ आली, की शेजारचा कोणीतरी हमखास खोकायचा आणि भिकनराव तिथेच ओरडायचे, "मी सोडतो! परत सोडतो!"

दिवाळीआधी मात्र दारणेने त्यांना धरलं. बंधाऱ्याखालचे दगड शेवाळाने हिरवेगार. त्यात एक टेम्पोवाला टेम्पो धुवायला पाण्यात उतरला, तेलाचा तवंग खाली वाहू लागला, आणि पायात पावसाळी सँडल घालून मध्यभागी उभे असलेले भिकनराव त्याच्यावर तुटून पडले. मग नुसतेच पडले. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. भेटायला येईल त्याला ते सांगत, "सँडल! हलकट सँडल! तळाला पकडच नाही!"

प्लास्टर निघालं त्या दिवशी लताबाईंनी काठी कपाटात घातली आणि किल्ली कमरेला खोचली.

"न घसरणारे बूट आणा. जिथे पडलात, त्याच दगडावर उभं राहून दाखवा. मग काठी."

"आणि नाही मिळाले तर?"

"शिवजयंतीपर्यंत थांबेन. नंतरच्या रविवारी नापास झालात, तर काठी चांदवडला धनराजला. त्याला चिंचा पाडायला लांब काठी हवीच आहे."

धनराज म्हणजे लताबाईंचा भाऊ. ती नाजूक काठी, तेजलने पाठवलेली, आणि त्या काठीने मेहुणा चिंचा झोडतोय! या एका चित्राने भिकनरावांची झोप उडाली.

पहिले आणले ते पिंपळगावचे गमबूट, द्राक्षबागेत औषध फवारताना घालतात तसले, गुडघ्याएवढे. पारखायला त्यांनी दारणेतला एक शेवाळलेला दगडच पोत्यात घालून घरी आणला आणि बाथरूममध्ये ठेवून वर नळ सोडला. "नदीच घरी आणलीत, आता नदीवर जायचं कारण काय?" असं लताबाई बाहेरून म्हणाल्या, तेवढ्यात आत धप्प आवाज झाला. बादली फुटली, भिकनराव वाचले. गमबूट कॉलनीच्या रखवालदाराला गेले.

दुसरे ऑनलाइन मागवले. गिर्यारोहणाचे, भारी, वर ठळक लिहिलेलं: वॉटरप्रूफ. ते येईपर्यंत धीर धरवेना, म्हणून तिसऱ्या खेपेला तो शालिमारचा तमाशा. प्रत्येक दुकानात त्यांचं मागणं एकच होतं, पाण्याचा थेंब आत येता कामा नये. आणि प्रत्येक दुकानदार शेवटी एकच बोलायचा, "काका, या वयात पाण्यात जायचंच कशाला?" हे ऐकलं, की पाय आपटायचाच.

तमाशानंतरच्या रविवारी सकाळी ते वॉटरप्रूफ बूट घालून एकटेच दारणेवर गेले. दगडाच्या वाटेला गेले नाहीत, कडेकडेनेच चालले. पाणी घोट्यावर चढलं, बुटाच्या तोंडातून आत शिरलं आणि आतच राहिलं. काठावर बसून त्यांनी एक बूट उपडा केला, तर भळाभळा पाणी.

"ओ साहेब, बुटात मासे पाळले का?"

बंधाऱ्याखाली बुधा उभा होता. पेठकडचा माणूस, दरवर्षी द्राक्षं उतरवायच्या हंगामात बायकोला, चिमणाबाईला घेऊन इकडे येणारा. कामातून मोकळा झाला, की फेकजाळं घेऊन नदीत.

"वॉटरप्रूफ आहेत!" भिकनराव गुरकावले.

"मंग पाणी कुठून आलं?"

"वरून!"

"आन आता जात नाय?"

भिकनरावांनी दुसराही बूट उपडा केला.

"म्हंजी पाण्याला घर बांधून दिलं की तुम्ही," बुधा म्हणाला. काठावर भांडी घासणारी चिमणाबाई पदरात तोंड घालून हसली.

"तू फार शहाणा. तुझ्या पायात काय आहे ते दाखव!"

बुधाने पाय वर केला. पायाला गोणपाटाचे तुकडे गुंडाळलेले, वर सुतळी. त्या हिरव्या, तिरप्या दगडांवरून तो घरच्या ओट्यावरून चालावं तसा इकडून तिकडे गेला आणि परत आला.

"घसरत नाहीस?"

"गुळगुळीत पायाला शेवाळ फेकतंय. खरबरीत चिंधीला धरून ऱ्हातंय. आन पाणी येतंय, जातंय. त्याला कशापायी अडवायचं? लय वजन व्हतंय त्याचं."

भिकनरावांनी तिथेच गोणपाट मागून घेतलं, पायाला बांधलं आणि उतरले. पाय खरंच धरून राहिला. पण दहा पावलांत तळव्यांना खडे टोचले, घोटा एकदा उजवीकडे लचकला, एकदा डावीकडे. एकसष्ट वर्षांचे पाय, त्यांना वर आधार पाहिजे, खाली गोणपाट पाहिजे आणि बाजूला...

बाजूला भोकं पाहिजेत.

हे लक्षात आलं तेव्हा भिकनरावांना एवढा संताप आला, की कोणावर काढावा ते कळेना. पोरगी बरोबर होती! एकतीस वर्षं जो माणूस गळती दिसली की भडकला, त्याला गळणं हाच ज्याचा गुण, असा बूट ओळखू आला नव्हता.

सोमवारी संध्याकाळी ते पुन्हा शालिमारला. शनिवार नव्हता, तरी गेले. कॉलनीत याची चर्चा झाली.

रोहिणीने त्यांना बघितलं आणि काउंटरवर हात पुढे केला. "या काका. आधी आमचा मोजा."

भिकनरावांनी खिशातून धुऊन घडी केलेला निळा मोजा काढून ठेवला. "तो बूट दाखव. भोकांचा."

"पंचनामा करायचाय?"

"जास्त बोलू नकोस! आठ नंबर काढ."

"आठ नाही मिळणार. नऊ घ्या. आत दोन जाड मोजे जातात, शिवाय उतारावर बोटं पुढे ठोकर खातात. सकाळी मापाचा वाटतो तो बूट संध्याकाळी चावतो. आता आलात ते बरं केलंत, पाय पुरते पसरलेत." तिने एक फळी तिरपी लावली आणि त्यांना त्यावरून उतरायला लावलं. टाच उचलली का, बोट लागलं का, घोटा हलला का, एकेक विचारलं. भिकनरावांना कुठेच चूक सापडेना. ते त्यावरही चिडले.

"तळ मात्र रबरी आहे, काका. शेवाळावर घसरेल. दीपककडे जा."

दीपकचं बूट दुरुस्तीचं दुकान दोन गल्ल्या सोडून. त्याने बूट उलटा केला, गोणपाटाची गोष्ट ऐकली आणि म्हणाला, "गोणपाट महिन्यात सडेल. सातपूरला भांड्यांना पॉलिश मारतात ना, त्या चाकाचा जाड नमदा येतो, लोकर दाबून केलेला. तो लावतो. पाण्यात मऊ होतो, पण सोडत नाही."

"नुसता चिकटवू नकोस!"

"नाही, शिवणार. चारी बाजूंनी."

"टाके जवळ जवळ घे! ए, तो लांब पडला! उसव तो!"

"साहेब," दीपक सुई रोखून म्हणाला, "एक तर तुम्ही घरी जा, नाही तर ही सुई घ्या." गोंद दोन दिवस वाळू द्यायचा असं त्याने सांगितलं, तेव्हा भिकनरावांनी त्याच्या दुकानातही पाय आपटून घेतला.

शिवजयंती आटपली आणि रविवार उजाडला. बंधाऱ्याखाली लताबाई काठावर येऊन बसल्या. सोबत पोह्यांचा डबा आणि काखेत गुंडाळलेली चटई. चटई त्यांनी उलगडली नाही, खाली वाळू गार असूनही. भिकनरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. दोन मोजे, बूट, लेस घोट्यापर्यंत आवळलेली. ते पाण्यात उतरले. गार पाणी भोकांतून आत आलं, पाय उचलला की बाहेर गेलं. वजन असं नाहीच.

"अजून पुढे," लताबाई म्हणाल्या. "तोच दगड."

तोच तिरपा, हिरवा, हलकट दगड. भिकनराव त्यावर चढले. उभे राहिले. हात पसरले.

"बघ!"

"बघितलं. नुसतं उभं तर बगळाही राहतो." लताबाईंनी डब्याचं झाकण उघडलं आणि बंद केलं. "एक सांगायचं राहिलं. काल तुम्ही विहारात होतात तेव्हा धनराज येऊन गेला. काठी दिली त्याला. चिंचा उतरवायला आल्यात म्हणे."

भिकनरावांचे कान आधी लाल झाले, मग मान, मग सगळं डोकं.

"दिली? दिलीस?" आवाज दारणेच्या पलीकडे पोचला. "अगं, एकतीस वर्षं काठावर उभा राहिलो! दुसऱ्यांना पाणी मोजून दिलं! घोटाभर पाण्यात कधी पाय घातला नाही! आता कुठे आत उतरलो, तर सगळे म्हणतात बाहेर ये, बाहेर ये! तू पण?" आणि त्यांनी पाय आपटला. एकदा. परत. परत. पाणी छातीपर्यंत उडालं, खरोखरीचा बगळा उडून गेला.

पाय हलला नाही.

हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. त्यांनी खाली बघितलं. मग काठाकडे. लताबाईंनी चटई उलगडली होती आणि आत काठीचे चार तुकडे होते.

"दिवाळीआधी तुम्ही सँडलने पडला नव्हतात," त्या म्हणाल्या. "पाय आपटलात म्हणून पडलात. टेम्पोवाल्याने सांगितलं मला. त्यानेच तर तुम्हाला उचलून दवाखान्यात आणलं होतं, ते तुम्ही कोणाला बोलला नाहीत. शांत माणसाचे बूट मला घेऊन काय करायचे? तुमचे बघायचे होते."

भिकनराव दगडावरून उतरून काठाशी आले. त्यांनी रागाने काठी जोडायला घेतली.

"म्हणजे पास?"

"बूट पास."

"आणि मी?"

"तुम्हाला परत करायची मुदत कधीच गेली."

ते पुन्हा पाण्यात शिरले. दोरी सुटी केली, खोटी माशी बोटांत धरली, हात डोक्यावर नेला. तेवढ्यात वरच्या वाटेवर खडखडाट झाला. द्राक्षांची रिकामी क्रेट लादलेला एक टेम्पो नदीकडे उतरत होता, आणि त्याच्या बाजूला बादली लटकत होती.

भिकनरावांनी काठाशी येऊन काठी लताबाईंच्या हातात दिली.

"जरा धर," ते म्हणाले, आणि पुन्हा त्या दगडावर चढून दोन्ही पाय नीट रोवून घेतले.