पळाबाईंची हसवणूक

पळाबाई निवृत्त होऊन माकणीला गेल्या, तरी आमच्या कॅज्युअल्टीत अजून कुणी चालत नाही. धाराशिवच्या आमच्या दवाखान्यात त्या इन्चार्ज सिस्टर होत्या. लकव्याचा पेशंट दारात आला की त्यांची आरोळी घुमायची, "पळा!" वॉर्डबॉय पळायचा, स्ट्रेचर पळायचं आणि डॉक्टरकीचा रुबाब सावरत मीही पळायचो. आधी सीटी स्कॅन, केसपेपर मागाहून, हा बाईंचा कायदा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं, आणि आमची मंडळी त्यातला निम्मा वेळ घरी तेल चोळण्यात घालवून येत. उरलेल्यातलं काही वाया गेलेलं बाईंना खपत नसे.

पेशंट तपासायची त्यांची रीत मला कॉलेजात कुणी शिकवली नव्हती. जावई उशाशी उभा असताना त्या म्हाताऱ्याच्या कानाशी वाकायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजायच्या, "आजोबा, जावई कसा हाय वो? खरं सांगा, त्यो बाहीर गेलाय." जावई कावराबावरा व्हायचा, म्हातारा खुदकन हसायचा. हसताना तोंड एकीकडे ओढलं गेलं, की पुढची आरोळी ठरलेली.

तामलवाडीच्या एका आजींच्या वेळी मुलानं इंजेक्शनच्या संमतीपत्रावर सही न करताच पेन खाली ठेवला. "मामास्नी येऊ द्या. त्यांच्याबिगर आमच्यात काय ठरत न्हाय." मामा नुकतेच पुण्याहून निघाले होते. बाई गोड हसल्या. "येऊ द्या की! आल्यावर च्या पाजू त्यास्नी. तवर सही तुमी करा." मुलानं केली. मामा पोचले तेव्हा आजी त्यांनाच उशिराबद्दल बोल लावत होत्या. बाईंनी मामांना खरोखरच चहा पाजला.

एका दुपारी स्ट्रेचरवर सलाईनचे खोके ठेवले म्हणून बाई वॉर्डबॉयला झापत होत्या. झापता झापता शब्द लडबडले, हातातला खोका निसटला. "काय न्हाय, पंख्याचं वारं लागलंय," असं काहीसं पुटपुटत त्या खुर्चीत बसल्या. पेशंटच्या घरच्यांनी वाऱ्याचं कारण काढलं की त्या फटकारायच्या, आणि आज स्वतः तेच! ही जीभ बंद पडली तर आम्हाला पळवणार कोण? मी त्यांच्या कानाशी वाकलो.

"सिस्टर, जावई कसा आहे?"

त्या हसल्या. अर्ध्याच.

"पळा!" मी ओरडलो.

स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, म्हणजे गुठळीच. तोवर त्यांचे यजमान धापा टाकत आले आणि पेन हातात धरून म्हणाले, "थोरल्या दादास्नी ढोकीहून येऊ द्या, मग ठरवू." प्रत्यक्ष पळाबाईंच्या घरात! एवढ्या भीतीतही मला हसू फुटलं. "येऊ द्या, काका. आल्यावर चहा पाजू. तोवर सही तुम्ही करा." त्यांनी मुकाट्यानं केली.

संध्याकाळपर्यंत हात हलू लागला, पण बाई बोलेनात. इतका शांत दवाखाना मला सोसेना. दुसऱ्या दिवशी त्यांचा जावई उशाशी सफरचंद कापत बसला होता. बाईंनी मला बोटानं जवळ बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजल्या, "इचारलं हुतं न्हवं, डॉक्टर? लई कंजूस हाय. एकच सफरचंद आणलंय."

जावयासकट सगळा वॉर्ड हसला. बाईही हसल्या. मी मात्र त्यांच्या ओठांची दोन टोकं बघत होतो. दोन्ही सारखीच वर गेली.