हितं माणूस हाय

मन्मथअप्पांची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडण एका दस्तीवरून झालं. कंधारच्या एका शाळेत भूगोल शिकवायची नोकरी मिळून मी जळकोटला राहायला आले होते. पहिल्याच दिवशी सव्वासातच्या नांदेड गाडीत चढले, तर पाय ठेवायला जागा नाही. फक्त तिसऱ्या बाकावरची खिडकीची जागा रिकामी, आणि तिच्यावर पांढरीशुभ्र दस्ती पसरलेली. दस्ती म्हणजे रुमाल. तो खिडकीतून आत टाकून जागा धरायची आपल्याकडची पद्धत मला मेली कधीच पटली नाही. मी दस्ती दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली आणि बसले. तेवढ्यात खिडकीखालून आवाज आला, "ओ बाई, दस्ती उचलली म्हंजे माणूस उठवल्यासारखं हाय."

खाली कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले एक ठेंगणे गृहस्थ उभे होते. मी विचारलं, "तुम्हाला जायचंय का?"

"न्हाई."

"मग कुणाला जायचंय?"

"ते अजून ठरायचंय."

एवढ्यात काखेत तान्हं पोर घेतलेली एक बाई धापा टाकत आली. अप्पांनी तिच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हे बघा, ठरलं." मी निमूट उठले आणि कंधारपर्यंत दांडा धरून उभी राहिले. अप्पा रोज सकाळी एक जागा अशी धरून ठेवायचे, उशिरा येणाऱ्या कुणासाठी तरी. स्वतः जायचे ते फक्त सोमवारी, बायकोला, म्हणजे महानंदाकाकूंना घेऊन.

स्टँडसमोर त्यांचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाकडे पाठ आणि स्टँडकडे तोंड करून ते कापड फाडायचे. गाडी वळणावर असतानाच नुसत्या आवाजावरून ती उदगीरची की अहमदपूरची ते सांगायचे, आणि ड्रायव्हर कोण तेही. कुणी मयतीला पाहुणे आले म्हटलं की हे विचारायचे, "कोणत्या गाडीनं आले?" लग्नाचा बस्ता घ्यायला आलेल्या माणसाला साडीआधी वेळापत्रक मिळायचं. "मुलगी कुठं दिली? मुक्रमाबादला? मग दोनची धरा, साडेतीनची गाडी लई बेभरवशाची हाय," असं म्हणून ते पुन्हा मीटरपट्टी उचलायचे.

दुष्काळाच्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा अप्पा दुकान बंद करून, काकूंना घेऊन ते बघायला गेले. माणसं पाण्याच्या काळजीत आणि हे वही घेऊन रुळाच्या कडेला. इंजिनाचा नंबर, डब्यांची संख्या, गाडी कुठं किती वेळ थांबली, सगळं टिपून आणलं. काकूंनी विचारलं, "आवो, एवढ्या लांबून आली गाडी, तर पाणी कसं हाय ते तरी विचारलाव का?" अप्पा म्हणाले, "पाण्याचं काय, पाणी सगळीकडं सारखंच." त्या दुष्काळात हे वाक्य बोलायची हिंमत दुसऱ्या कुणाची झाली नसती.

पण त्यांचा खरा जीव सव्वासातच्या गाडीत होता, आणि त्याला कारण काकू. महानंदाकाकूंचं माहेर नांदेडचं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तोच लातूर जिल्हा नवा झाला आणि सगळ्या कचेऱ्यांची तोंडं लातूरकडे वळली. आता नांदेडची गाडी हवी कशाला, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. अप्पांनी अर्ज केला. त्यावर सह्या कुणाच्या, तर ज्यांची सासरवाडी नांदेडच्या बाजूला आहे अशा गावातल्या समस्त जावयांच्या. अर्जात शेवटचं वाक्य होतं, 'जिल्हा बदलला तरी आमच्या बायका त्याच आहेत.' गाडी राहिली. काकू हे सांगताना अजूनही पदर तोंडाला लावायच्या.

मग ती साथ आली आणि गाड्या बंद पडल्या. सगळं गाव दाराआड बसलं, आणि अप्पा रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तोंडाला पंचा बांधून, हातात पिशवी घेऊन रिकाम्या स्टँडवर उभे. बंदोबस्ताच्या जमादारानं हटकलं, "अप्पा, कुठं निघालाव?"

"कुठंच न्हाई."

"मग हितं काय करूलालाव?"

"गाडीच्या टायमाला हितं एक तरी माणूस पायजे. न्हाईतर तिची सवय मोडती."

जमादारानं चार दिवस दम दिला, पाचव्या दिवशी काठी दाखवली. पुढे तोच सव्वासाताला घड्याळ बघून म्हणू लागला, "गेली बगा अप्पा, टायमात गेली. आता घरला चला." अप्पा निमूट घरी जायचे. मी स्टँडजवळच्या माझ्या खोलीच्या माडीवरून हे बघायचे आणि हसायचे. खरं सांगायचं तर हसता हसता मला त्यांचा हेवा वाटायचा. आम्ही सगळे भिऊन बसलो होतो आणि या माणसाला सकाळी उठायला कारण होतं.

त्या थंडीत गाडी पुन्हा सुरू झाली, वरचे वर्ग भरू लागले आणि माझी शाळाही. पण कंडक्टर गंगाधर पहिल्याच दिवशी वाईट खबर घेऊन आला. "अप्पा, महिनाभर भारमान बघणार हायत. माणसं न्हाई भरली तर फेरी बंद. कायमची." अप्पांच्या हातातली कात्री थांबली. ते एवढंच म्हणाले, "आता जावयांचा अर्ज चालायचा न्हाई. निम्मे जावई गेले."

माणसं भरणार कशी? लोक स्टँडवर यायचे, गाडीत डोकावायचे आणि परत फिरायचे. आपल्याकडे रिकाम्या गाडीवर कुणाचा विश्वास नसतो. "एकबी दस्ती न्हाई आत, म्हंजे ही जायाची न्हाई," असं म्हणत ते समोरच्या काळीपिवळीत एकमेकांच्या मांडीवर बसून जायचे. गाडीत मी, गंगाधर, ड्रायव्हर आणि एखादी म्हातारी. बाकांवर अंतर पाळण्याच्या तांबड्या फुल्या चिकटवलेल्या होत्या. त्या फुल्यांवर लोक खुशाल बसायचे, आणि जे बसायला भ्यायचे ते गाडीतच यायचे नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी गाडीत चढले आणि दारातच थांबले. सगळ्या बाकांवर दस्त्या. पांढऱ्या, निळ्या काठाच्या, चौकड्याच्या. अप्पांनी दुकानातला गठ्ठाच्या गठ्ठा आणून टाकला होता.

बाहेर दोघे डोकावले. एक दुसऱ्याला म्हणाला, "आरं, गाडी फुल होऊलालीय, चढ लवकर!" धावपळ झाली. जो चढेल त्याच्यासाठी अप्पा एक दस्ती उचलायचे आणि उपकार केल्यासारखं म्हणायचे, "बसा, तुमच्यासाठी करतो काहीतरी." पण शेजारची दस्ती मात्र तशीच ठेवायचे. सरकारच्या फुलीला न जुमानणारा माणूस त्या दस्तीपासून अंग चोरून बसायचा. खोकणारा शेजारी येणार नाही याची खात्री पटली तशा म्हाताऱ्याही येऊ लागल्या. कुणी विचारलंच, की हितं कोण हाय, तर अख्खी गाडी एका सुरात सांगायची, "हितं माणूस हाय!" आयुष्यभर तेच सांगत आलेली माणसं ती. त्यांना शिकवावं लागलं नाही.

"अप्पा, हे खोटं आहे," मी एकदा म्हणाले. शिक्षकी खोड, दुसरं काय.

"खोटं कसं? दस्ती खरी हाय ना? तुम्ही तेवढी उचलू नका, म्हंजे झालं."

संध्याकाळी गंगाधर त्या सगळ्या दस्त्या परत आणून द्यायचा, आणि काकू त्या उकळत्या पाण्यातून काढायच्या आणि अंगणात वाळत घालायच्या. ओळीनं एवढ्या दस्त्या बघून गल्लीत बातमी उठली की अप्पांच्या घरात सगळ्यांना सर्दी झालीय. दोन दिवस दूधवाला फाटकाबाहेरूनच दूध ओतून गेला.

महिन्याच्या शेवटच्या सोमवारी अप्पा आणि काकू गाडीत होते. जळकोट मागे पडून अर्धा तास झाला नसेल, एका फाट्यावर हात दाखवून तपासणीस चढले. उंचेपुरे, काखेत कागद. गंगाधरचा चेहरा पिठासारखा झाला. तपासणिसांनी तिकिटं तपासली. सतरा. मग बसायला जागा बघू लागले. इथे दस्ती, तिथे दस्ती. त्यांनी एका म्हातारीला विचारलं, "आजी, इथं कोण आहे?"

आजी क्षणभरही थांबली नाही. "माणूस हाय."

"कुठं आहे?"

"येऊलालाय."

मागच्या बाकावर विचारलं, तिथेही माणूस होता. त्याच्या मागेही. तपासणिसांनी एका दस्तीकडे हात नेला. अप्पांनी डोळे मिटून गळ्यातलं लिंग घट्ट धरलं आणि काकूंनी अप्पांचं धोतर. हात दस्तीच्या वर थांबला, तसाच राहिला आणि मागे गेला. अप्पांना राहवेना. ते उठून म्हणाले, "सायेब, माझ्या जागी बसा." तपासणीस म्हणाले, "नाही नाही, तुम्ही वडीलधारे. बसा तुम्ही."

"गाव कोणतं म्हणायचं सायबांचं?"

"मुखेड."

अप्पांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मुखेडचा, म्हणजे आपल्याच भागातला माणूस. तो काय दस्ती उचलणार!

वीसेक रिकाम्या जागा असलेल्या त्या गाडीत तपासणीस दांडा धरून, खड्ड्याखड्ड्याला तोल सांभाळत कंधारपर्यंत उभे राहिले. कुणी हसलं नाही. हसावं असं त्यात काही आहे, हे माझ्याखेरीज कुणाला वाटलंच नाही.

त्यांनी जे लिहिलं ते गंगाधरनं पुढे आम्हाला सांगितलं. 'प्रवासी सतरा. बसण्यास जागा नव्हती. उभ्याने प्रवास केला.' तिन्ही वाक्यं खरी. कचेरीत ती कुणालाच एकत्र वाचता येईनात. सतरा माणसांत गाडी भरली कशी, याचा खुलासा मागवला गेला. खुलासा गेला, त्यावर आणखी खुलासा मागवला गेला, आणि तोवर फेरी चालू ठेवावी असं ठरलं. खुलासे चालू होते तोवर साथ ओसरली आणि गाडीत खरी माणसं भरली. अप्पा म्हणाले, "बगा बाई, म्हटलं नव्हतं का? येऊलालेत म्हणून."

त्यानंतरच्या तिसऱ्या थंडीत अप्पा गेले. साथीनं नाही, कशानंच नाही. जेवून दुकानात बसले आणि स्टँडकडे बघता बघता मान टेकली. लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत. विभूती लावून, हार घालून, बसवून नेतात आणि बसवूनच समाधी देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सजवलेल्या मखरात बसून अप्पा स्टँडवरून निघाले. सव्वासातची गाडी उभी होती. गंगाधर दारात हात जोडून उभा होता. पण अप्पा समोर आले तशी त्याला काही सुचेना आणि त्यानं दोनदा घंटी ओढली. ड्रायव्हरनं सवयीनं गाडी सोडली. "आरं थांब, थांब!" म्हणून सगळी माणसं ओरडली आणि रडता रडता हसली. काकूसुद्धा. घड्याळात बरोबर सव्वासात झाले होते.

पुढच्या सोमवारी मी स्टँडवर जरा लवकर गेले. लग्नसराईची गर्दी होती. गाडी लागल्याबरोबर मी खिडकीखाली उभी राहिले, टाचा उंच केल्या आणि अप्पांच्या दुकानातून आणलेली पांढरी दस्ती आत टाकली. जन्मात पहिल्यांदा. तिसऱ्या बाकावर, खिडकीशी. मग चढून तिच्या शेजारी दांडा धरून उभी राहिले. गाडी गच्च भरली. एक तरणा गडी जागा शोधत आला आणि दस्तीकडे बघून म्हणाला, "बाई, हितं कोण हाय?"

माझा आवाज मला वाटला होता तेवढा नीट निघाला नाही. पण अख्ख्या गाडीला ऐकू गेला.

"माणूस हाय," मी म्हणाले.

त्यानं मान डोलावली आणि माझ्याशेजारी उभा राहिला, थेट कंधारपर्यंत.