दाराआडून केलेला सौदा

नंदुरबारच्या शेठजींनी आबांवर दावा लावला, आणि तोही मिरचीचा! आबा पाटील म्हणजे माझे सासरे. धानोऱ्यात त्यांच्या शब्दावर लोक दावणीचा बैल सोडून द्यायचे. चिठ्ठी नाही की साक्षीदार नाही. अशा माणसाला कोर्टाचा कागद विचारत होता, सौदा का मोडला? शिपाई समन्स देऊन गेला आणि आबा ओट्यावर नुसते बसून राहिले. वाढलेलं ताट मी तसंच झाकून ठेवलं.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. आमच्या विहिरीच्या वावरातली उभी मिरची शेठजींनी घेतली होती. तोडणारी माणसं त्यांची, वाहतूक त्यांची. आमच्या ओट्यावर सुपारी दिली गेली, हातावर हात पडला, शेठजींनी चिटोऱ्यावर ‘वावरातली मिरची’ आणि भाव एवढंच लिहिलं. आता त्या वावरात विहिरीला लागून काही ओळी बियाण्याच्या असतात. ती मिरची आम्ही झाडावरच वाळू देतो आणि तिचंच बी पुढच्या साली टाकतो. त्या ओळी सौद्यात नाहीत, हे त्याच बैठकीत सांगितलं गेलं होतं. कोणी सांगितलं? मी. दाराआडून.

पुढे शेठजींची माणसं त्या ओळींत शिरली, आमच्या सालदारानं, वर्षाच्या गड्यानं, त्यांना हाकललं, आणि शेठजी चिडले. म्हणाले, सौदा बठ्ठा वावरना व्हयेल शे, म्हणजे सगळ्या वावराचा झालाय, पाटलांनी शब्द फिरवला. नंदुरबारच्या बाजारात ते तसं बोलून दाखवायला लागले. नुकसानभरपाईचं आबांना एवढं नव्हतं. पण ‘शब्द फिरवला’ हे ऐकल्यापासून माणूस बाजाराला जाईना. अंगरखा खुंटीला अडकवलेला तो तिथंच. मला ते बघवत नव्हतं.

वकीलसाहेब पुण्याकडचे, नवीनच इकडे येऊन राहिलेले. त्यांच्या बैठकीत आबा आणि आमचे हे बसले. हे खांडबाऱ्याला स्टेशनवर नोकरीला होते, रजा काढून आले होते. मी आतल्या खोलीत वकीलीणबाईंजवळ. सगळं ऐकून वकीलसाहेब म्हणाले, “अहो, सोपं आहे. त्या ओळी सौद्यात नाहीत असं मीच सांगितलं, एवढं तुम्ही कोर्टात म्हणा. गोष्ट तर खरीच आहे ना? सूनबाईंना कशाला त्या पिंजऱ्यात उभं करता?”

आबा म्हणाले, “मी नही बोलनू. मन्ही सून बोलनी.”

“पण अर्थ एकच ना?”

“जे मी बोलनूच नही, ते बोलनू असं कसं सांगू?”

झालं! माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे कोर्टात मी जायचं, आणि मी नाही बोलले तर आबा खोटे ठरणार. यांनी आत येऊन हळूच विचारलं, “तुला जमेल का?” मला असा राग आला! शेत कोण बघतं, सालदाराशी डोकं कोण लावतं, मिरचीच्या भावाचा अंदाज कोण काढतं, तेव्हा नाही विचारलं कधी, जमेल का म्हणून. मी म्हटलं, “जमेल. पण आधी मला ते कोर्ट बघायचंय.”

वकीलसाहेब हसले, पण नाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी वकीलीणबाईंचा हात धरून मी कोर्टाच्या दाराशी जाऊन बसले. मला वाटलं होतं तिथं नुसती आरडाओरड चालत असेल. कसलं काय! मोठ्यानं ओरडणारा एकच, तो पुकारा करणारा पट्टेवाला. आत सगळं धिम्या चालीनं. साक्षीदार एक वाक्य बोलला की मुन्सफसाहेब ते कागदावर उतरवायचे, आणि टाक थांबेपर्यंत साक्षीदारानं गप्प राहायचं. एक म्हातारा भराभर बोलत सुटला, तर साहेबांनी त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. आणि गंमत म्हणजे, गावात सगळं अंग हलवून बोलणारी माणसं त्या पिंजऱ्यात शिरली की हात बांधून, ठेवणीतली मराठी बोलायला लागायची. शे चं आहे करता करता अडखळायची, आणि खरं बोलणारासुद्धा चोरासारखा दिसायचा. मी ठरवलं, आपण आपलं घरचंच बोलायचं. दोन वेळा पट्टेवाल्यानं उठवलं, दोन्ही वेळा मी परत येऊन बसले. मला उठवतच नव्हतं तिथून.

मग वकीलसाहेबांच्या घरी तालीम सुरू झाली. आबा बाहेर ओट्यावर बसायचे आणि आत वकीलसाहेब शेठजींचे वकील होऊन मला उलटसुलट विचारायचे. किती ओळी, कोणत्या बाजूला, विहीर कोणाची, बियाणं कसं ठेवता. मी फडाफडा उत्तरं द्यायची. वकीलीणबाई कौतुकानं बघायच्या. एक दिवस बाईंनीच सहज विचारलं,

“तुम्ही सासऱ्यांसमोर बोलता का?”

“छे! कसं बोलणार?”

“कधीच नाही बोललात?”

“लग्न झाल्यापासून एक शब्द नाही.”

“सौद्याच्या वेळी सासरे कुठे होते?” वकीलसाहेबांनी मधेच विचारलं.

“ओट्यावरच.”

वकीलसाहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. “संपलं. समोरचा वकील हेच विचारणार. ज्या बाईनं सासऱ्यासमोर कधी तोंड उघडलं नाही, ती त्या दिवशी त्यांच्यासमोर बोलली कशी? म्हणजे बोललीच नाही. बाई, आपण हरलो.”

मला पहिल्यांदा कळेचना, यात हरण्यासारखं काय आहे. मग लक्षात आलं, की या माणसाला आमच्या घरातलं काहीच ठाऊक नाही. ज्या घरी सासू असते तिथं सून सासूला सांगते आणि सासू सासऱ्याला. माझ्या सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. घरात तिसरं माणूस नाही. मग मी सांगायची चुलीजवळच्या पाण्याच्या हंड्याला. “हंड्या, तूर संपत उनी बरं.” “हंड्या, गायनं आज दूध चोरं.” आबा ओट्यावर असायचे, कानावर पडलं तर पडलं. सौद्याच्या दिवशीही मी दारामागून हंड्यालाच मोठ्यानं सांगितलं होतं, विहिरीकडल्या ओळी बियाण्याच्या शेतस, त्या देवान्या नहीत.

“हंड्याला?” वकीलसाहेबांनी पुन्हा विचारलं. वकीलीणबाईंनी तोंडाला पदर लावला. “आणि हे मी मुन्सफांना सांगू? ते नगरकडचे आहेत. त्यांची सून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते.”

“मग शेठजींनाच विचारा की,” मी म्हटलं. “त्यांच्या घरच्या सुना तर हातभर घुंगट घेतात. मी त्यांच्याकडच्या लग्नात पाहिल्यात. शेठजींना जेवायला कशा बोलावतात, तेवढं विचारा.”

वकीलसाहेबांनी कागद पुन्हा उचलला. तरीही त्यांचं म्हणणं होतं, की माझ्या साक्षीच्या वेळी आबांनी बाहेर बसावं, मला मोकळं होईल. मी म्हटलं, नको. आबा उठून गेले तर लोक म्हणतील, बघा, सासरा असला की हिला बोलता येत नाही. आबा तिथंच बसले पाहिजेत. हे मी म्हटलं खरं, पण त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

तारीख आली. आधी शेठजींची साक्ष. माणूस वाईट नव्हता हो, धंद्याला पक्का एवढंच. आमच्या वकिलांनी मिरचीचं काही विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, “शेठजी, घरात सुना किती?”

शेठजी चमकले. “तीन.”

“तुमच्याशी बोलतात?”

“राम राम! अशी रीत नही आमनाकडे.”

“मग स्वयंपाक झाला हे तुम्हाला कसं कळतं?”

शेठजी जरा लाजले. “सून किवाडले सांगस, रोटी थंडी व्हई ऱ्हायनी.”

“मग जेवायला कोण उठतं? किवाड?”

सगळं कोर्ट हसलं. मुन्सफसाहेबांचा टाक थांबला. शेठजीही हसले, म्हणाले, “मीच उठस ना, साहेब.” मग वकिलांनी विचारलं, सौद्याच्या दिवशी दारामागून काही आवाज आला होता का? शेठजींनी डोकं खाजवलं. आवाज आला होता, बाईमाणूस काहीतरी बोलत होतं; त्यांना वाटलं घरातलं असेल, पाटील तर काही बोलले नाहीत. तेवढं त्यांनी सरळ कबूल केलं.

मग माझा पुकारा झाला. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. आबा पुढच्याच बाकावर, खाली बघत बसलेले. मी जे बोलले ते त्या पिंजऱ्याच्या कठड्याशी बोलले. साहेब दोनदा म्हणाले, बाई, इकडे बघून बोला. मी म्हटलं, बोलणं ऐकू येतंय ना, मग लिहा. नंतर मला सांगितलं, की असं साहेबाला कोणी म्हणत नाही! समोरच्या वकिलांनी तोच प्रश्न विचारला, अगदी तोच. मी हंड्याचं सांगितलं, त्या दिवशी जसं बोलले होते तसंच, तेवढ्याच आवाजात बोलून दाखवलं. कोणी हसलं नाही. मी खाली उतरले तेव्हा वकीलसाहेबांनी मान डोलावली.

मग आबा उभे राहिले. सगळं नीट चाललं होतं. आणि शेवटी मुन्सफसाहेबांनीच विचारलं, “तुमच्या सुनेचं बोलणं तुम्ही ऐकलं होतं?”

“हां. आयकं.”

“मग ते शेठजींना तुम्ही स्वतः का सांगितलं नाही? सौदा तर तुम्ही करत होतात. तुम्ही गप्प बसलात, याचा अर्थ शेठजींनी काय घ्यायचा?”

या प्रश्नाची तालीम आम्ही केलीच नव्हती. वकीलसाहेबांचा चेहरा पडला. मला वाटलं, गेलं सगळं. आबा ज्या शब्दासाठी खोटं बोलले नाहीत, तो शब्द आता त्यांच्याच गप्प बसण्यानं जाणार.

आबांना प्रश्नच समजला नाही असं दिसलं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग शेठजींकडे. म्हणाले, “तिनी सांगी दिन्हं व्हतं ना, साहेब. मंग मी कसाले सांगू? मन्ही सून बोलनी म्हंजे मन्हं घर बोलनं. मी तिन्हा वरून कधी बोलनू नही.”

साहेबांनी लगेच लिहिलं नाही. आधी शेठजींकडे पाहिलं. शेठजी खाली बघत होते. पुढच्या तारखेच्या आतच त्यांनी आपणहून दावा काढून घेतला आणि बाजाराच्या दिवशी, चार लोकांदेखत, आबांना हाताला धरून आपल्या गादीवर बसवलं. हे मला सालदारानं सांगितलं.

पण साक्षीच्या त्या दिवशी मला पुढचं काहीच माहीत नव्हतं. आम्ही गाडीनं परत निघालो. आबा पुढे कासरा धरून, हे चालत मागून, मी आत पदर ओढून. आणि मला एकेक आठवायला लागलं. मागे एकदा मी हंड्याला म्हटलं होतं, जातं गुळगुळीत झालंय, पीठ भरड पडतं. दुसऱ्या दिवशी जात्याला टाके घालणारी टाकीवाली दारात. मला वाटलं, वाटेनं चालली असेल. आखाजीच्या सणाला माहेरच्या झोक्याची आठवण काढली होती. तर पहाटे गाडी जुंपलेली. मला वाटलं, यांनी सांगितलं असेल. आणि रागाच्या भरात, या घरात माणसाला माणूस समजत नाहीत, असंही कितीदा बोलले होते! लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मला वाटत होतं, माझं ऐकायला या घरात कोणी नाही. मला इतकं रडू आलं, की हुंदका पुढपर्यंत ऐकू गेला असणार.

आबांनी मागं वळून पाहिलं नाही. मी डोळे पुसले. पदर होता तसाच ठेवला, पण तोंड त्यांच्या पाठीकडे केलं आणि जन्मात पहिल्यांदा सरळ त्यांनाच म्हटलं, “आबा, औंदा मिरची कोनले देवानी?”

बैल चार पावलं चालले असतील. आबांनी कासरा जरा ओढून धरला, गाडीचा खडखडाट कमी झाला.

“तूच सांग, बेटी,” ते म्हणाले. “मी आयकी ऱ्हायनू.”