आठवडाभर हात लावू नकोस

त्याला सगळी गल्ली ‘आत्ताशेठ’ म्हणायची. कपाट कधी मिळेल असं कुणी विचारलं, की तो रंध्यावरून मान न उचलता म्हणायचा, “आत्ता देतो.” त्याचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात दुसऱ्या टोकाला काम करायचा. त्याला विचारलं तर उत्तर यायचं, “उद्या बघू, आज गोंद ओला आहे.” म्हणून तो ‘उद्याशेठ’. एकाचा धक्का आणि दुसऱ्याचा लगाम मिळाला की माल वेळेवर आणि धड मिळतो, असं गिऱ्हाइकं थट्टेनं म्हणायची. बरीच वर्षं ते खरंही होतं.

मग एका घरात स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कपाट सांध्यांतून उकललं. सगळी भांडी खाली आली. घरच्या बाईंनी दोघांना बोलावून घेतलं आणि दारातच उभं करून झाडलं. आत्ताशेठ म्हणाला, “सांधे धाकट्यानं केले होते.” ते खरं होतं. धाकट्यानं हात जोडून माफी मागितली. परतताना त्यानं एवढंच विचारलं, “गोंद ओला असताना शिकंजे कुणी काढले, दादा?”

“मला काय ठाऊक?”

कारखान्यात माणसं दोनच होती. दुसऱ्या कामाला सांधे आवळून धरणारे ते शिकंजे हवे होते म्हणून आत्ताशेठनंच ते काढले होते, आणि हे दोघांनाही माहीत होतं. त्या महिन्याच्या शेवटी धाकटा वेगळा झाला.

वाटणीत भांडण झालं नाही, एवढी एक गोष्ट बरी. जागा थोरल्याची, म्हणून राउटरचं टेबल तिथेच राहिलं. राउटर म्हणजे लाकडात खाचा पाडणारं यंत्र. ते टेबलाखाली उलटं टांगलेलं असतं आणि त्याचं पातं वर डोकावतं. त्यावर बिस्किटाच्या सांध्यांसाठी बसवायची जोडणी, म्हणजे वेगळं पातं आणि फळी टेकवायची पट्टी, धाकट्यानं शोधून आणली होती, म्हणून ती त्यानं बोल्ट सोडून नेली. हा सांधा साधा असतो. दोन फळ्यांच्या कडांना समोरासमोर खाचा पाडायच्या, त्यात दाबलेल्या लाकडाची चपटी, लंबगोल चकती गोंद लावून बसवायची आणि फळ्या आवळायच्या. त्या चकतीला कारागीर बिस्किट म्हणतात.

“कढई आपल्याकडे राहिली, झारा त्यांच्याकडे गेला,” आत्ताशेठची बायको म्हणाली. “आता दोघंही बसा हात चोळत.”

आत्ताशेठ रंधा मारत राहिला. धाकट्याच्या टोकाला त्यानं दुसरा माणूस घेतला नाही. तिथल्या बाकावर हळूहळू लाकडाचे तुकडे साठले. धाकटा गावाच्या पलीकडच्या टोकाला, भाड्याच्या खोलीत, खिडक्यांच्या चौकटी करायला लागला.

तीन वर्षांनी वाचनालयाचं काम आलं. वाचनकक्षातली सगळी टेबलं नवी करायची होती. आधी नमुन्याचं एक टेबल द्या, पसंत पडलं तर बाकीची तुम्हीच करा, असं ठरलं. टेबलांचे वरचे माथे रुंद, पाच-पाच फळ्या जोडून केलेले. आत्ताशेठला ते लाकडी खुंट्या मारून सहज जमलं असतं. ही तीन वर्षं तो तेच करत आला होता. पण त्यानं भावाला फोन लावला.

“ती तुझी बिस्किटाची जोडणी आणतोस का? मला बसवायला जमायची नाही.”

पलीकडे रंध्याचा आवाज थांबला. मग धाकटा म्हणाला, “रविवारी येतो.”

फोन ठेवल्यावर बायको दारात उभी होती. “जमायची नाही? लग्न झाल्यापासून हा शब्द पहिल्यांदा ऐकला मी तुमच्या तोंडून.”

“गप बस.”

“बसते. पण भाऊजींना इकडे परत यायला सांगायचं असेल तर सरळ सांगा. टेबलाआडून कशाला?”

धाकटा आला तो जोडणी जुन्या शर्टात गुंडाळून आणि लाकडी बिस्किटं पत्र्याच्या डब्यात घेऊन. वहिनीनं चहा ठेवला आणि डबा उघडून पाहिला. “भाऊजी, चहाबरोबर हीच देऊ का?”

“द्या की. दादाचे दात अजून शाबूत आहेत.”

आत्ताशेठ हसला. असं हसून त्याला बरेच दिवस झाले होते.

दोघं कामाला लागले. धाकट्यानं आधी टेबलावरचा भुसा फुंकला, मग कापडानं पुसला. “इथे कण राहिला तर फळी वर उचलली जाते,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. राउटरची तार भिंतीतल्या प्लगमधून काढली, पाने लावून जुनं पातं सोडवलं आणि तीन दातांचं चपटं गोल पातं बसवलं. फळी टेकवायची उभी पट्टी त्यानं पात्यावरच्या बेअरिंगच्या, म्हणजे फिरत्या कड्याच्या, बरोबर रेषेत आणली, म्हणजे खाच ठरल्यापेक्षा खोल जाणार नाही. पातं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, त्या दोन रेघा पट्टीवर पेन्सिलनं मारल्या. त्या रेघा फळीवरच्या खुणेशी जुळवायच्या, फळी आत ढकलायची, बोटभर सरकवायची आणि मागे घ्यायची.

“उंची?” थोरल्यानं विचारलं.

“जाडीच्या निम्मी. पण मापावर विश्वास ठेवायचा नाही.” त्यानं टाकाऊ तुकड्याला खाच पाडली, तुकडा मधोमध कापला, एक भाग उलटा केला आणि दोन्ही बिस्किटावर जोडले. नखानं सांधा चाचपला. एक बाजू केसभर वर होती. त्यानं राउटर किंचित खाली घेतला, दुसरा तुकडा कापला. पुन्हा नख. आता नख अडकलं नाही.

“तुला आठवतं? फळीच्या चांगल्या बाजूवर तू खूण करायचास आणि मी ती बाजू खाली ठेवून खाच पाडायचो,” थोरला म्हणाला.

“आठवतं.”

मग थोरला पेन्सिल घेऊन खुणा करायला लागला आणि धाकटा खाचा पाडायला. दुपारपर्यंत पाच फळ्यांचा माथा शिकंज्यात आवळून झाला. गोंदाचे थेंब सांध्यातून सारखे बाहेर आले होते, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही.

निघताना धाकट्यानं जोडणी काढली नाही. ती टेबलावरच राहू दिली. आत्ताशेठनं ते पाहिलं, आणि त्यानं पाहिलेलं धाकट्यानं पाहिलं.

“हे पसंत पडलं, तर बाकीची मिळून करू?” थोरल्यानं विचारलं.

“बघू. आधी हे नीट होऊ दे.” दारात थांबून तो म्हणाला, “दादा, एक ऐक. शिकंजे उद्या काढ, पण रंधा आठवडाभर लावू नकोस. आतली बिस्किटं गोंदातलं पाणी पिऊन फुगतात. त्यांच्यावरचं लाकूडही जरासं वर येतं. ते आत्ता तासलंस, तर पुढे आतलं वाळून बसल्यावर तेवढ्या जागी खळगा पडेल. आठवडाभर हात लावू नकोस.”

“कळलं रे. मला काय शिकवतोस?”

दुसऱ्या दिवशी त्यानं शिकंजे काढले. सांधा असा बसला होता, की रेघ शोधावी लागत होती. फक्त हात फिरवला की जागोजागी अंगावर काटा यावा तसे बारीक उंचवटे लागत होते. तो एकदा हात फिरवून बाजूला झाला. चहा पिऊन आला, पुन्हा हात फिरवला. आयुष्यभर ज्या हातानं उंचवटा लागला की रंधा उचलला, तो हात ऐकेना. शिवाय धाकटा पुन्हा बघेल तेव्हा माथा आरशासारखा दिसावा, असंही त्याला वाटलं. वरून तर वाळलं आहे, असं म्हणून त्यानं रंधा लावला. चार हात मारले आणि माथा सपाट झाला.

संध्याकाळी फोन आला. “हात लावला नाहीस ना?”

“नाही रे बाबा. भिंतीला टेकवून ठेवलाय.”

बायको भाजी चिरत होती. तिनं सुरी थांबवली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा चिरायला लागली.

टेबल वाचनालयात गेलं. ग्रंथपालांनी त्यावरून हात फिरवला, वाकून पाय पाहिले, एक पाय हलवून पाहिला. “सुरेख,” ते म्हणाले, आणि बाकीच्या टेबलांचं काम नक्की केलं. आत्ताशेठनं त्याच दिवशी धाकट्याच्या बाकावरचे तुकडे उचलले, बाक घासला आणि तिथला जळालेला दिवा बदलला.

धाकट्यानं हो म्हटलं, आणि महिन्याभरानं दोघं वाचनकक्षाची मापं घ्यायला गेले. उन्हं खिडकीतून आडवी येत होती. धाकटा फीत उलगडता उलगडता थांबला. तो गुडघ्यावर बसला आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून माथ्याकडे बघत राहिला. पॉलिशच्या चकाकीत, प्रत्येक सांध्यावर, ओळीनं लंबगोल खळगे दिसत होते. ज्या ज्या जागी खूण केली होती, त्या त्या जागी.

“दादा, इथे हात ठेव.”

“त्यांनी पसंत केलंय. कुणाच्या लक्षात आलंय का?”

“कधी तासलंस?”

“वरून वाळलं होतं रे.”

“कधी?”

आत्ताशेठनं ग्रंथपालांच्या खोलीकडे नजर टाकली. “हळू बोल.”

“खळग्याचं मला काही नाही. मी फोनवर विचारलं होतं.” धाकट्यानं फीत गुंडाळली. “कपाटाच्या वेळीही विचारलं होतं.”

तो आवाज चढवील, चार लोकांत तमाशा करील, याची आत्ताशेठनं वाट पाहिली. तसं झालं असतं तर त्यालाही काही बोलता आलं असतं. पण धाकट्यानं राहिलेली मापं नीट घेतली, कागदावर मांडून कागद भावाला दिला. मग दोघं कारखान्यात आले. धाकट्यानं राउटरची तार काढली, पातं सोडवलं, त्याला तेलाचा बोळा फिरवला, चार बोल्ट काढून जोडणी शर्टात गुंडाळली. घासलेल्या बाकाकडे त्यानं पाहिलं की नाही, ते आत्ताशेठला कळलं नाही. वहिनीनं चहा आणला, तो त्यानं बसून शेवटच्या घोटापर्यंत घेतला.

“भाऊजी, बिस्किटांचा डबा राहिला.”

“राहू दे, वहिनी. दादाला लागतील.”

वाचनालयाची टेबलं आत्ताशेठ एकटाच करतो आहे. त्यानं तशीच नवी जोडणी विकत आणली, आणि दोन तुकडे जोडून, नखानं चाचपून, पहिल्याच दिवशी केसभरही चूक न करता बसवली. जोडलेले माथे आता आठवडाभर भिंतीला टेकून असतात. तो त्यांना हात लावत नाही. लावला का, असं विचारणारं कुणी नाही.

“भाऊजींना एक फोन करा,” बायको परवा पुन्हा म्हणाली. “हे माथे येऊन बघ म्हणावं.”

“आत्ता करतो,” तो म्हणाला, आणि त्यानं रंधा उचलला.